इंदुमतीची वाटी

शिऱ्याने भरलेली वाटी घेऊन विभावरीने दार उघडलं, तर शेजारचं निळं घर नव्हतं. समोर ज्वारीचं रान होतं.

"रात्रीतून आपण बार्शीला आलो," श्रीरंग आतून म्हणाला. "साताऱ्यात उभं राहायचा दर वाढला. इथे निम्म्यात भागतंय."

भाड्याचा फ्लॅट सोडून दोघांनी हे स्वतःच चालणारं घर घेतलं होतं. माणसं झोपली की ते स्वस्त जागा शोधत निघायचं. भाडं खरंच वाचलं होतं.

"त्या निळ्या घरातल्या काकूंनी काल अळूवड्या दिल्या होत्या. त्यांची वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणून शिरा केला."

"ठेव कपाटात. शिरा आपण खाऊ."

तिने कपाटातली दुसरी वाटी काढून त्याला कढईतला शिरा वाढला. खाता खाता त्याने कडेला कोरलेलं नाव वाचलं.

"ही इंदुमती कोण?"

विभावरीने बराच वेळ आठवून पाहिलं. "कुठेतरी शेजारी होती. काय दिलं होतं तेही आठवत नाही."

"आपल्या नावाची वाटी दे ना."

"आपली एकही उरली नाही. सगळ्या अशाच लोकांकडे राहिल्या."

श्रीरंग खायचा थांबला. त्याने घराला विचारलं, "कालचं निळं घर कुठे आहे?"

"तेही रात्रीच चालत लातूरला गेलं. तिथे सकाळपासून दर तिप्पट झालाय."

"चल तिकडे," तो म्हणाला, आणि काकूंच्या वाटीवर त्याने झाकण ठेवलं.