चिंचेला असलेला धोका

"पृथ्वीकडे आता फार वेळ उरलेला नाही," गाडीतून उतरता उतरता प्रज्ञेश म्हणाले. मग वळून त्यांनी ड्रायव्हरला गाडी चिंचेखाली, अगदी बुंध्यालगत लावायला सांगितली. एप्रिलचं ऊन होतं आणि सीट लेदरच्या होत्या.

त्यांच्यामागून उल्का उतरली. प्रज्ञेशची कंपनी हवामानबदल आणि शाश्वत वित्त या विषयांत सल्ला देत असे. उल्का तिथे अजून कच्ची होती. ही फाईल मंजूर झाली तर ती पक्की होणार होती. नाही तर नारायण पेठेत वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसणार होती. वडिलांनी खुर्ची पुसूनही ठेवली होती.

प्रकरण तसं साधं होतं. एका सिमेंट कारखान्याला स्वस्तातलं 'हरित कर्ज' हवं होतं. धूर कमी करणं महागात जात होतं. म्हणून कंपनीने सल्ला दिला, धूर चालू द्या, त्याच्या बदल्यात दुसरीकडे कुठेतरी झाडं वाचवा. कात्रजच्या पुढे गेनबांच्या शेतात चिंचेची जुनी झाडं होतीच. ती न तोडण्याबद्दल कारखाना गेनबांना पैसे देणार होता, आणि त्याबद्दल बँक कारखान्याला हरित म्हणणार होती.

माशी शिंकली ती गेनबांपाशी. बँकेच्या तपासनीस बाईंनी त्यांना फोनवर विचारलं, "आपण ही झाडं कधी तोडणार होतात?"

"तोडतोय कशाला?" गेनबा म्हणाले. "आज्यानं लावल्यात."

इतक्या खरेपणाची फाईलमध्ये सोय नव्हती. न तोडण्याचे पैसे फक्त तोडल्या जाणाऱ्या झाडांना मिळतात. ज्याला तोडायचंच नाही, तो वाचवणार काय? बाईंनी शेरा मारला : झाडांना धोका असल्याचा पुरावा सादर करावा.

पुरावा म्हणून प्रज्ञेशनी एक झाड तोडायचं ठरवलं. "एक गेलं की बाकीच्यांना धोका आहे हे आपोआप सिद्ध होतं," असं त्यांनी मीटिंगमध्ये समजावलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. उल्काचीही डोलली होती. तोडायची परवानगीदेखील रीतसर काढली. झाडं वाचवण्यासाठी काढलेली ती पुण्यातली बहुधा पहिलीच. गेनबांची समजूत काढायला वेळ लागला नाही. निम्मी जमीन बिल्डरला देऊन झाली होती. मोठ्या माणसांचे व्यवहार समजून घ्यायचे नसतात, करायचे असतात, एवढं ते त्यात शिकले होते.

त्यांच्या बायकोचं, शकूबाईंचं, शिक्षण तेवढं झालं नव्हतं. ताकाचे पेले पुढे ठेवता ठेवता त्यांनी करवतीचं मशीन घेऊन आलेल्या माणसाकडे पाहिलं.

"पैसं तोडायचं मिळणार का न तोडायचं?"

"न तोडायचे, काकू," प्रज्ञेश म्हणाले.

"मग ह्यो कशाला?"

"तोडणार होतो, हे दाखवायला."

शकूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चपलेकडे.

"बरं," त्या म्हणाल्या. "ताक घ्या. सावली हाय तवर."

उल्काने पेला तसाच खाली ठेवला.

"चल, तुझी फाईल आहे, झाड तू निवड," प्रज्ञेश घड्याळ बघत म्हणाले. "फोटोला सोयीचं बघ."

उल्काने शेतावरून नजर फिरवली. शकूबाईंकडे पाहिलं. मग साहेबांच्या गाडीकडे. आणि बोट दाखवलं.

"हे."

मशीनवाल्याने दोर ओढला. मशीन फटफटलं. बुंध्यापर्यंत जाऊन तो मागे वळला.

"सायेब, गाडी काढा. फांदी टपावर यील."

"काढून लावू कुठे?" ड्रायव्हरने विचारलं.

प्रज्ञेशनी सगळीकडे पाहिलं. बाकीच्या चिंचांखाली गेनबांची गुरं होती, गेनबांची स्वतःची गाडी होती. कुंपणापलीकडे बिल्डरचे टॉवर होते आणि तिथे झाड औषधालाही नव्हतं. मोकळं होतं ते फक्त ऊन.

मशीनवाल्याने करवत पुन्हा बुंध्याकडे नेली.

"थांबा! अहो, थांबा!" प्रज्ञेश धावत गेले आणि दोन्ही हात पसरून चिंचेच्या आडवे उभे राहिले. झाडासाठी इतकं कळवळताना ऑफिसात त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

उल्काने मोबाईल काढला आणि फोटो घेतला. मागे जुनी चिंच, पुढे चालू करवत, मधे हात पसरलेले साहेब.

"सर, पुरावा मिळाला," ती म्हणाली. "झाडाला धोका आहे आणि कंपनी तो टाळतेय. दोन्ही एकाच फोटोत आलंय. आता तोडायची गरज नाही."

मशीन बंद झालं. गेनबांनी ताकाचा पेला उचलला.

"पर धोका व्हता कुणाचा?" शकूबाईंनी विचारलं.

"आमचाच, काकू," उल्का म्हणाली.

प्रज्ञेशना ते ऐकू आलं नसावं. दोन बोटांनी फोटो मोठा करून ते स्वतःला न्याहाळत होते. चेहऱ्यावर समाधान पसरत होतं.

"बाईंना आत्ताच पाठव. आणि वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावरही हाच घेऊ," ते म्हणाले. "फक्त मागची गाडी तेवढी काढून टाक. डिझेलची आहे."