घरचं माणूस

नवऱ्यामागं एका होडीच्या सात लाँच केल्या म्हातारीनं, आणि धक्क्यावर नियम घालून दिला: जाताना-येताना प्रवाशांची डोकी मोजायची, पण घरच्यांची नाही. घरचं माणूस मोजलं की त्याला दृष्ट लागते. "मी आहे तोवर एकही लाँच विकायची नाही," हा तिचा दुसरा नियम, आणि त्यावरून वर्षभर मायलेकांत विस्तव जात नव्हता.

मोसमातल्या शेवटच्या सहलीला मात्र लेक आपणहून म्हणाला, "आई, चल की बेटावर. किती वर्षांत आली नाहीस!" चढताना नवा खलाशी तिलाही मोजायला लागला, तसा लेकानं त्याचा हात धरला. "आईला नको रे, घरचं माणूस आहे." म्हातारीला भरून आलं. पोरगं घरचं वळण विसरलं नव्हतं.

त्या ओसाड बेटावर त्यानं तिला बंद दीपगृहामागच्या सावलीत बसवलं. "निवांत पड जरा. निघताना हात धरून नेतो." तिचा डोळा लागला, तो भोंग्यानंच उघडला. धडपडत काठाशी येईतो लाँच सुटली होती, आणि पुढची फेरी थेट चार महिन्यांनी. तरी ती घाबरली नाही. एक डोकं जरी कमी भरलं तरी लाँच माघारी वळवायची, ही तिनंच लावलेली शिस्त होती.



पाण्यावरून कर्ण्यातला लेकाचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "साठ आले होते, साठ बसले. चला, कोणी राहिलं नाही!"