आधी खा, मग थापा

“आज उलटं लिहायचं,” सुनंदाबाई म्हणाल्या. “आधी भाकर खायची, मग तव्यावर टाकायची, मग थापायची. चूल सगळ्यांत शेवटी पेटवायची.”

शिरपूरकडच्या डोंगरपायथ्याची दोनच शिक्षकांची ती शाळा. साल सत्याऐंशी. चौथीतल्या मोगराने पाटीवरून मान वर केली. “पण बाई, हाई तं चुकीचं शे.”

“शे ना. उद्या तपासणीला येणाऱ्या साहेबांना गंमत दाखवायची.”

पोरं हसली. बाईंवर त्यांचा भरवसा होता. कोणतीही कृती ओळीने लिहायला बाईंनीच त्यांना शिकवलं होतं. पोरं जसं लिहीत, तसंच्या तसं त्या करून दाखवत. कुणी चूल पेटवायचंच विसरलं, की हातात भाकर धरून थंड चुलीपुढे गप्प बसून राहत. मग अख्खा वर्ग ओरडे, “बाई, चूल पेटवा!”

याच कामाबद्दल गेल्या वर्षी धुळ्यात मुख्याध्यापक जीवराम गुरुजींचा सत्कार झाला. गळ्यात हार घेऊन ते म्हणाले, “ही पद्धत मी बसवली.” बाई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. तळहात झोंबले तरी थांबल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या तपासणीचीच वाट पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी रतिलाल साहेब आले. गुरुजींनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता.

“साहेब, माझी पोरं सगळं बिनचूक क्रमाने लिहितात,” ते म्हणाले. “मोगरा, वाच गं, भाकरी कशी करायची ते.”

मोगरा उभी राहिली. खणखणीत आवाजात तिने भाकर आधी खाल्ली, मग भाजली, मग थापली, मग पीठ मळलं. चूल शेवटी पेटवली.

साहेबांनी दुसरी पाटी मागितली. मग तिसरी. सगळीकडे तेच.

“याच्यावर सत्कार घेतला तुम्ही?” साहेबांचा आवाज चढला. “सरकारची फसवणूक आहे ही! ज्यानं हे शिकवलं, त्याला मी घरी बसवल्याशिवाय राहणार नाही.”

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर हलवली नाही. जिवाला कसं गार वाटत होतं.

गुरुजींनी हात जोडले.

“साहेब, आज खरं सांगतो. शिकवलं सगळं सुनंदाबाईंनी. मी नुसतं माझं नाव लावलं.”