सीट तापली व्हती

बिरोबाची आन घेऊन सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय. एरवी माझ्या गोष्टीत रेडा बाभळीवर चढतो, ते कबूल. आज न्हाई चढायचा.

"वैनी, सीट तापली का?" महंमद मिस्त्रीनं इचारलं.

"कुठं? लेकराच्या गालाएवढीच हाय अजून," बनुबाई म्हणाली.

जोतीराम फौजीच्या जुन्या व्हॅनचं इंजन पुढच्या सीटच्या खाली. त्या सीटवर त्याची बायको बनुबाई. तासगावातल्या गॅरेजात मिस्त्रीची रीतच व्हती, गार इंजनाच्या पेट्रोलच्या स्क्रूला हात लावायचा न्हाई. आन् ह्या गाडीपुरता त्याचा मीटर म्हंजे बनुबाई.

"आता तव्यागत झाली बाई!" ती टुणकन उठली.

मिस्त्रीनं सीट उचलली, डोकं आत घातलं. "वैनी, जरा चावी मारा." तिनं मारली. त्यानं कान देऊन स्क्रू फिरवला आन् पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन खूण केली.

"फौजी, उद्या सांगलीला पासिंगच्या रांगेत इंजन बंद करू नगंस. थंडी लय हाय. गार पडलं की चोक वडावा लागतोय, पेट्रोल जादा जातंय, धुरातला गॅस वाढतोय. मशीन नापास करंल."

"मला शिकवतोस व्हय रं? लडाखात ट्रक चालवलाय मी."

"तिथं मशीन न्हवती लावत गड्या."

पास झाली तर अजून पाच वर्सं, न्हाईतर भंगार. फौजी शहात्तरचा. गाडी म्हंजे त्याचं पाय व्हतं.

घरला येताना फौजीनं वेशीतल्या म्हशीला "राम राम, आकाराम" केला. बनुबाई पोट धरून हसली.

शाळेपाशी हसू थांबलं. मिस्त्रीची नात मदिहा दप्तर सावरत रस्ता वलांडत व्हती. ब्रेक लागला तवा मधी वीतभर जागा.

"पोरींना शिस्तच न्हाई," फौजी म्हणाला.

बनुबाईच्या दोन बांगड्या डॅशबोर्डावर फुटल्या व्हत्या. काचा तिनं पदरात गोळा केल्या.

"आवं, डोळं दाखवून घ्या की एकदा."

"फौजीचा डोळा हाय ह्यो. तू गप बस."

दुसऱ्या दिशी सांगलीत धुकं. रांग ही लांब. गाडी सुरूच ठिवून फौजी कागदं घेऊन खिडकीला गेला, त्यो तासभर तिथंच अडकला. बनुबाई जागची हलली न्हाई. खाली सीट तव्यागत तापलेली. त्यो आला तवा इंजन घरघरत व्हतं.

"तापलीय न्हवं?"

"चटका बसतोय."

मशीनची नळी लावली. काळा धूर निघाला. आकडा चढला त्यो उतरंना. नापास.

फौजी तडक गॅरेजात. म्होरल्या चहाच्या गाड्यावरची माणसं कप घेऊनच आत आली.

"मिस्त्री, मातीत घातलीस माझी गाडी!"

मिस्त्रीनं सीट उचलून बघितलं. "खूण जागच्या जागी हाय. फौजी, मशीनवर गाडी गार गेली."

"बने, सांग ह्याला."

मिस्त्रीनं तिच्याकडं बघितलं. "वैनी, सीट तापली व्हती?"

"व्हय."

"उद्या परत लावू गड्या. मी सोता येतो संगं."

"उद्याचं ऱ्हाऊ दे. एक तर तुझा हात चुकला, न्हाईतर माझी बायको खोटं बोलती. चारचौघांत सांग, कुठलं?"

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"माझा हात चुकला."

चाळीस वर्सांची दोस्ती तिथं मोडली. व्हॅन भंगारात गेली. मिस्त्रीचा हात गेला, ही बोलवा पेठंत फिरली. गाड्या दुसरीकडं जाय लागल्या. ईदला मिस्त्रीच्या बायकोकडनं, हुसेनबीकडनं, शिरखुर्म्याचा डबा यायचा, त्यो बंद झाला. दोन वर्सांत मिस्त्रीनं शटर वडलं. फौजी रिकाम्या शेडात खुर्ची टाकून बसायचा. तिसऱ्या हिवाळ्यात तिथंच गेला.

सावडायच्या दिशी मिस्त्री आला. संगं मदिहा, आता त्याच्या खांद्याला लागलेली. जाता जाता म्हातारा बनुबाईपाशी थांबला.

"वैनी, आता तरी सांगा. सीट तापली व्हती न्हवं?"

बनुबाईनं पोरीकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"व्हय भाऊ."

"मग माझाच हात," त्यो म्हणाला, आन् पोरीच्या खांद्यावर त्योच हात ठिवून चालता झाला.

संपली गोष्ट. बिरोबाची आन, सगळं खरं. एकच बारीक गोष्ट तेवढी बनवून सांगितली: सांगलीत त्या धुक्यात सीट तव्यागत तापली न्हवती. माझ्या खाली बर्फागत गार पडली व्हती, आन् फौजी येताना दिसंपतुर चावी माझ्या मुठीत व्हती.