खडबडीत लेप

“हात थरथरतो माझा. गाडी दुकानातच दे,” म्हणत बाबांनी हात खिशात लपवला. लेकीच्या पिकअपच्या हौद्याला गंज धरू नये म्हणून रबरी लेप द्यायचा होता. बाबा जन्मभर रंगारी; त्यांनी रंगवलेल्या भिंतीवरून माशी घसरायची. हल्ली मात्र कपातला चहा बशीत सांडायचा. लेक दुकानात गेली आणि लेपाचा डबा नि रोलर घेऊन परतली. “बाबा, तिथे मशीननं लेप मुद्दाम खडबडीत मारतात, सामान घसरू नये म्हणून. तुमचा हात थरथरला तरी कुणाच्या बापाला कळणार नाही!” “बापालाच कळेल,” बाबा पुटपुटले, पण बाह्या सरसावून हौद्यात चढले. रोलर डगमगला, अडखळला, मग लयीत फिरू लागला. संध्याकाळी ती चहा घेऊन आली, तर बाबा कपाळाला हात लावून बसलेले. “काय झालं?” “सत्यानाश! हा कोपरा पार गुळगुळीत झालाय.”