सवतीचा पेला

हवानात डेंग्यूची साथ होती. आरोग्यखात्याची मुलगी साठवलेलं पाणी तपासायला बॅटरी घेऊन आली, तशी ओडालिसने बादल्या सोडून थेट सवतीच्या फोटोपुढचा पाण्याचा पेला दाखवला. नवऱ्याची पहिली बायको जाऊन वर्षं लोटली, तरी तिच्या आत्म्याला तहान लागते म्हणून पेला कायम भरलेला. “माझ्या सेनाइदाचं पाणी मीच बदलणार!” नवरा म्हणायचा. मुलीने बॅटरी मारली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. “काकू, याच डासांनी डेंग्यू होतो. आठवडाभर पाणी बदललं नाही वाटतं?” “नवरा रोज बदलतो!” ओडालिस फणकारली. “मग अळ्या कशा झाल्या?” ओडालिसला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. विसरला मेला! तेवढ्यात तिला फोटोशेजारी आणखी एका फोटोपुरती जागा दिसली आणि हसू मावळलं. पाणी उन्हात ओतून तिने पेला घासला, भरला, फोटोपुढे ठेवला. “पी गं बाई,” ती पुटपुटली, “आपलं आपणच बघायचं.”