हलकी गाडी

“वजन हाच वेगाचा एकमेव शत्रू!” असं जाहीर करून फणसळकरांनी पोट आत घेतलं आणि सीटबेल्ट कसाबसा लावला.

मैदानातल्या नारिंगी शंकूंना वळसे घालत गाडी पळवण्याच्या हौशी शर्यतीत ते तीन वर्षं शेवटचे येत होते. यंदाही तसंच झालं तर गाडी विकायची, असं बायकोने बजावलं होतं. म्हणून मागची सीट, स्टेपनी, झालंच तर डॅशबोर्डवरचा गणपतीही त्यांनी घरी ठेवला होता.

“अहो, पेट्रोल तरी भरलंत का?” दोरीपलीकडून बायकोने विचारलं.

“पेट्रोललाही वजन असतं, बाईसाहेब!”

शेवटच्या फेरीत त्यांनी प्रत्येक वळणाआधीच ब्रेक दाबला, नजर पुढच्या शंकूवर ठेवली. एकही शंकू पडला नाही. पहिला नंबर समोर दिसत होता. अखेरच्या वळणावर गाडी कलली, टाकीतलं घोटभर पेट्रोल एका कोपऱ्यात पळालं, इंजिनाने आचके दिले आणि अंतिम रेषेच्या दोन हात अलीकडे गाडी गप्प झाली. वेळ मोजणारं घड्याळ मात्र चालूच होतं.

फणसळकरांनी हेल्मेटची काच वर केली. बायको हाताची घडी घालून उभी होती.

“अगं,” ते काकुळतीला येऊन म्हणाले, “जरा धक्का देतेस का?”